खोक्यातल्या भागांची ओळख : १९६७च्या कॅमेरोवरील उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका मराठी अभियंत्याने १९६७ सालची शेव्हरोले कॅमेरो विकत घेतली. गाडी एसएस (सुपर स्पोर्ट) प्रकारातली, ३५० घनइंचाच्या व्ही-८ इंजिनाची आणि चार गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सची होती. विक्रेते मूळ मालकाचे पुतणे होते. त्यांनी गाडीबरोबर पुठ्ठ्याचे एक मोठे खोके दिले आणि त्यातले सर्व सामान याच गाडीचे असून काकांनी ते फार पूर्वी काढून जपून ठेवले होते, असे सांगितले. खोक्यात हवेचा एक पंप, दोन-तीन प्रकारचे व्हॉल्व्ह, गंजलेल्या नळ्यांचे दोन जुडगे, एक जुना कार्बोरेटर, काळ्या प्लॅस्टिकचा एक डबा आणि तडकलेले बरेच रबरी पाइप होते. ओळख पटवण्याच्या कामात प्रस्तुत लेखकाचा सुरुवातीपासून सहभाग होता. मालकाच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडले आहे. व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

या भागांचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशात होणाऱ्या प्रक्रियेत आहे, हे कॅलटेकमधील प्राध्यापक आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने उर्वरित अमेरिकेच्या नेहमी काही वर्षे पुढे राहून नियम केले. क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या पेटीतील) वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तेथे १९६१च्या गाड्यांवर आला आणि १९६३पर्यंत देशभर पोहोचला. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंवरची पहिली मर्यादा १९६६च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात लागू झाली : हायड्रोकार्बन दशलक्षात २७५ भाग आणि कार्बन मोनॉक्साइड दीड टक्का. देशपातळीवर असा नियम १९६८च्या मॉडेलला आला. म्हणजे १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत तेच मॉडेल दोन वेगवेगळ्या रूपांत बनत होते, एक कॅलिफोर्नियासाठी आणि दुसरे इतर राज्यांसाठी. आजचा बहुतेक घोळ याच दोन वर्षांच्या गाड्यांबाबत होतो.

प्रत्येक कंपनीने आपापली वाट धरली. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने पट्ट्यावर फिरणारा पंप बसवून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडाशी ताजी हवा सोडली, म्हणजे न जळलेले इंधन तिथल्याच उष्णतेत जळून जाई. या यंत्रणेला तिने ‘ए.आय.आर.’ (एअर इंजेक्शन रिॲक्टर) म्हटले. फोर्डने अशाच यंत्रणेला ‘थर्मॅक्टर’ हे नाव दिले आणि अमेरिकन मोटर्सने ‘एअर गार्ड’. क्रायस्लरने पंपाच्या वाटेला न जाता कार्बोरेटर आणि इग्निशनची जुळणीच बदलली आणि तिला ‘क्लीनर एअर पॅकेज’ म्हटले. ओळख पटवायला ही यंत्रणा सर्वांत अवघड, कारण बॉनेट उघडल्यावर वेगळे असे काही दिसतच नाही. शेव्हरोलेच्या पर्यायांच्या यादीत हवा सोडण्याच्या यंत्रणेचा सांकेतिक क्रमांक के-१९ होता. पंपामुळे इंजिनाची ताकद जाते असा समज त्या काळी पसरला होता आणि त्यापायी असंख्य गाड्यांवरून पंप उतरवून फेकून देण्यात आले. पंपाला लागणारी ताकद प्रत्यक्षात फारच थोडी असते, पण त्या समजापायी आज अस्सल भाग दुर्मीळ झाले आहेत.

समस्या

मालकापुढे दोन प्रश्न होते आणि ते एकमेकांत गुंतलेले होते. पहिला गाडीच्या वागण्याचा होता. संथ रहदारीत इंजिन तापत असे, कमी वेगात गाडी ओढ घेत नसे आणि गॅरेजमध्ये कार्बोरेटर दोनदा खोलूनही फरक पडला नव्हता. दुसरा ओळखीचा होता. इंजिनावर पंप नव्हता, पण दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डांवर (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळकांड्यांवर) प्रत्येक पोर्टपाशी एकेक भोक होते आणि त्यात लोखंडी बूच पिळलेले होते. केबिनच्या पुढच्या पत्र्यावर, इंजिनाच्या बाजूला, एक छोटी पेटी स्क्रूने बसवलेली होती आणि तिच्यातून व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरकडे (सिलिंडरांना वेळेवर ठिणगी पुरवणाऱ्या भागाकडे) जात होती. मालकाने जुन्या पुस्तकांतील चित्रे पाहून ही पेटी शेव्हरोलेचीच असल्याचे ठरवले होते.

गाडी मूळची कॅलिफोर्नियाची आहे की नाही, असल्यास खोक्यातले नेमके कोणते भाग तिचे आहेत, आणि तापण्याचा या सगळ्याशी संबंध आहे काय, अशा तीन गोष्टी ठरवायच्या होत्या.

पहिला निर्णय : गाडी पंपाची होती का?

विक्रेत्याचे सांगणे आणि चासीच्या क्रमांकातील ‘एल’ हे अक्षर एवढ्यावर मालक निर्धास्त होता. ‘एल’ म्हणजे गाडी लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइस कारखान्यात बनली होती. परंतु तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. व्हॅन नाइसच्या गाड्या पश्चिमेकडील इतर राज्यांतही विकल्या जात आणि त्यांना पंप नसे. उलट ओहायोतील नॉरवूड कारखान्याची गाडी कॅलिफोर्नियात विकण्यासाठी बनलेली असेल तर तिला पंप असे. कारखाना कुठला हा प्रश्न वेगळा आणि गाडी कुठल्या बाजारासाठी बनली हा वेगळा. या दोहोंची गल्लत जाणकार म्हणवणारेही करताना दिसतात.

म्हणून इंजिनाकडे वळलो. शेव्हरोलेच्या या इंजिनांवर पुढच्या बाजूला, प्रवाशाकडच्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात, ब्लॉकचा एक छोटा सपाट भाग बाहेर डोकावतो आणि त्यावर जुळणीचा क्रमांक ठोकलेला असतो. तिथला तेलकट थर रॉकेलने आणि मऊ ब्रशने पुसून काढला तेव्हा ‘व्ही ०२१४ एमटी’ असे वाचता आले. पहिले अक्षर फ्लिंटच्या इंजिन कारखान्याचे, चार आकडे १४ फेब्रुवारी या जुळणीच्या दिवसाचे आणि शेवटची दोन अक्षरे इंजिनाच्या प्रकाराची. त्या वर्षी कॅमेरोच्या ३५० इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्ससह ‘एमएस’ असा संकेत होता. तेच इंजिन पंपासह असेल तर ‘एमटी’. एका अक्षराचा फरक, पण सगळा निवाडा त्यात आहे.

अर्थात ठोकलेले अक्षर घासून नवे ठोकता येते आणि एसएस गाड्यांच्या बाबतीत असे उद्योग होतात. त्यामुळे त्या सपाटीवर भिंगातून पाहिले. ब्लॉक छिलताना पडलेल्या बारीक समांतर रेघा अक्षरांच्या खालून आणि मधून अखंड जात होत्या. पुन्हा ठोकण्यासाठी सपाटी घासली असती तर या रेघा पुसल्या गेल्या असत्या किंवा त्यांच्या जागी ग्राइंडरच्या गोलसर खुणा दिसल्या असत्या.

तिसरा पुरावा मॅनिफोल्डांचा होता आणि माझ्या मते तोच सर्वांत भक्कम. पंप नसलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डला ही भोके पाडलेली नसत. पंप चार बोल्ट काढून तासाभरात उतरवता येतो, पण मॅनिफोल्डाला पडलेली भोके तिथेच राहतात. दोन्ही मॅनिफोल्डांवर ओतकामाची तारीख होती. एकावर ‘ए २६ ७’ स्पष्ट वाचता आली. ‘ए’ म्हणजे जानेवारी, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. २६ जानेवारीला ओतलेला मॅनिफोल्ड १४ फेब्रुवारीला जुळलेल्या इंजिनावर येणे अगदी स्वाभाविक होते, आणि गाडीच्या पाटीवरचा ‘०३सी’ हा संकेत मार्चचा तिसरा आठवडा दाखवत होता. तिन्ही तारखा एका ओळीत बसल्या. गाडी मूळची के-१९ची आहे, असे इथे लिहून ठेवले.

दुसरा निर्णय : खोक्यातले काय ठेवायचे?

विक्रेत्याचे म्हणणे खरे मानले असते तर खोक्यातले सगळेच गाडीवर चढवायचे होते. पण गाडी पंपाची असणे आणि हा पंप तिचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे प्रत्येक वस्तू टेबलावर वेगळी मांडून तिच्याबद्दल स्वतंत्र नोंद केली.

काळा डबा सर्वांत आधी बाजूला गेला. तो कोळशाचा डबा होता. पेट्रोलच्या टाकीतून उडणारी वाफ शोषून घेणारी ही व्यवस्था कॅलिफोर्नियात १९७०च्या मॉडेलला आणि देशभर १९७१ला आली. १९६७च्या गाडीशी तिचा काही संबंध नाही.

पंपाने थोडा वेळ घेतला. तो जनरल मोटर्सच्या सॅजिनॉ विभागाच्या बनावटीचाच होता, त्यामुळे मालक खूश होता. पण पुलीच्या मागे पातळ पात्यांचा एक पंखा दिसत होता. हा पंखा फिरताना धूळ बाहेर फेकतो आणि तोच फिल्टरचे काम करतो. ही रचना १९६८पासूनची. १९६६ आणि १९६७च्या पंपांना गाळलेली हवा बाहेरून द्यावी लागे. म्हणजे हा पंप नंतरचा होता. विक्रेता खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. पंप बिघडला की त्या काळी दुकानात मिळेल तो नवा बसवला जाई आणि काकांनी सत्तरच्या दशकात कधीतरी तसेच केले असावे. पंपाच्या ब्रॅकेटखाली दोन जाड वॉशर होते. पट्ट्याची रेष जुळवण्यासाठी कुणीतरी ते घातलेले होते. कारखान्यातून आलेल्या जोडणीत अशी भर घालावी लागत नाही.

कार्बोरेटर मात्र सुखद धक्का देणारा निघाला. गाडीवर बसवलेल्या रोचेस्टर क्वाड्राजेटचा क्रमांक ओतीव भागावर उभा ठोकलेला होता आणि ७०४ने सुरू होत होता, तो १९७० किंवा त्यानंतरचा. खोक्यातल्या काळवंडलेल्या कार्बोरेटरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी गोल धातूची चकती दाबून बसवलेली होती. सुरुवातीच्या क्वाड्राजेटवर क्रमांक अशा चकतीवर असे. दात घासायच्या जुन्या ब्रशने ती साफ केल्यावर ७०३७ हे पहिले चार आकडे उमटले. १९६७च्या साध्या गाडीवर इथे ७०२७ असते. तिसऱ्या स्थानावरचा ३ हा कॅलिफोर्नियाच्या उत्सर्जन-नियंत्रित गाडीची खूण आहे. शेवटचा आकडा विषम होता, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्स.

उरले व्हॉल्व्ह. दोन चेक व्हॉल्व्ह होते. ते हवा मॅनिफोल्डकडे जाऊ देतात आणि तप्त वायू उलटा पंपाकडे येऊ देत नाहीत. त्यांची परीक्षा तोंडाने फुंकून होते : एका बाजूने हवा सहज गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. एक उत्तीर्ण झाला. दुसऱ्यातून दोन्हीकडून हवा जात होती आणि त्याला जोडलेला रबरी पाइप आतून करपला होता, यावरून बिघाड जुना असल्याचे कळले.

आणखी एक व्हॉल्व्ह पंपाबरोबरच जोडलेला होता. तो डायव्हर्टर प्रकारचा होता. चालकाने अचानक पाय उचलला की इनटेकमधील (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मार्गातील) व्हॅक्यूम एकदम वाढतो, काही क्षण इंधनाचे प्रमाण फार वाढते आणि त्याच वेळी एक्झॉस्टमध्ये ताजी हवा मिळाली तर सायलेन्सरमध्ये बार उडतो. डायव्हर्टर तेवढा वेळ पंपाची हवा बाहेर सोडून देतो. ही युक्ती १९६८पासूनची. त्याआधीचा उपाय उलटा होता : पंपाची थोडी हवा इनटेकमध्ये सोडून मिश्रणच पातळ करायचे. त्या व्हॉल्व्हला दोन जाड तोंडे आणि व्हॅक्यूमच्या इशाऱ्यासाठी एक बारीक तोंड असते. आधीच्या गॅरेजवाल्याने ‘कशाचा कोण जाणे’ म्हणून वेगळ्या पिशवीत टाकलेल्या वस्तूंमध्ये नेमका तोच निघाला. इनटेक मॅनिफोल्डवर मागच्या बाजूला बूच मारलेले एक मोठे भोक होते. ते कशासाठी, हे तोवर कुणालाच कळले नव्हते.

तिसरा निर्णय : पत्र्यावरची पेटी

मालकाच्या मते ही पेटी जनरल मोटर्सच्या टीसीएस यंत्रणेचा भाग होती. खालच्या गिअरमध्ये डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम तोडणारी ही यंत्रणा १९७०ला आली. पण तिला गिअरबॉक्सवर एक विजेचा स्विच लागतो आणि इथे ना स्विच होता ना त्याची तार. शिवाय पेटी साध्या पत्र्याच्या स्क्रूंनी बसवलेली होती आणि त्यांची भोके रंगावरून पाडलेली होती, म्हणजे ती कारखान्यात नव्हे, नंतर बसवली गेली.

उत्तर कॅलिफोर्नियाच्याच इतिहासात होते. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या राज्याने रस्त्यावर असलेल्या १९६६ ते १९७०च्या गाड्यांवर नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारे उपकरण नव्याने बसवणे आवश्यक केले होते. त्यातला एक प्रकार डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर ठिणगी लवकर पाडणारी व्यवस्था, तोडत असे. ठिणगी उशिरा पडली की ज्वलनाचे तापमान उतरते आणि ऑक्साइडे कमी बनतात, पण एक्झॉस्ट आणि कूलंट अधिक तापतात. म्हणून सोबत उष्णतेवर चालणारा एक स्विच असे. इंजिन मर्यादेबाहेर तापले की तो व्हॅक्यूम परत जोडत असे.

इथे तापण्याचे कोडे उलगडले. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने डिस्ट्रिब्युटरच्या डायफ्रामला (व्हॅक्यूमने हलणाऱ्या पडद्याला) थेट व्हॅक्यूम दिला तेव्हा ठिणगीची वेळ दाखवणाऱ्या टायमिंग लाइटखाली खूण सरकली, इंजिनाचा आवाज मोकळा झाला आणि तापमानाचा काटा हळूहळू खाली आला. डायफ्राम ठीक होता; उष्णतेचा स्विच मेलेला होता, त्यामुळे इंजिन कितीही तापले तरी व्हॅक्यूम परत येत नव्हता. कार्बोरेटर दोनदा खोलण्याचा खर्च या एका स्विचपायी झाला होता.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय भोके बुजलेलीच ठेवून फक्त स्विच बदलण्याचा होता. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना नियमित स्मॉग तपासणीतून सूट आहे, त्यामुळे कुणी विचारायला येणार नव्हते. पण तपासणीतून सूट म्हणजे यंत्रणा काढायची मुभा नव्हे. वाहन संहितेचे कलम २७१५६ गाडीवरचे नियंत्रण काढण्याला मनाईच करते. दुसरा पर्याय खोक्यातला पंप आणि डायव्हर्टर जसेच्या तसे बसवण्याचा होता. तो स्वस्त आणि चालणारा, पण गाडीच्या वर्षाशी न जुळणारा. तिसरा, १९६७चेच सर्व भाग जमवण्याचा. चौथा पर्याय एका ओळखीच्याने सुचवला होता : पंपाचे पोट रिकामे करून तो नुसता शोभेला फिरवायचा. प्रदर्शनांत असे पंप पुष्कळ दिसतात. मालकाने तो ऐकताक्षणीच नाकारला.

मालक दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये होता. शेवटी टप्प्यांनी जायचे ठरले : आधी स्विच, मग चालता पंप बसवून नळ्या आणि मॅनिफोल्ड तपासणे, आणि अस्सल पंप मिळेल तेव्हा बदलणे.

केलेली कृती

स्विच बदलला आणि पेटी जागेवरच राहू दिली. ती कारखान्याची नसली तरी राज्याच्या कायद्याने त्या गाडीवर आलेली होती, आणि आता तिचा त्रासही उरला नव्हता.

मॅनिफोल्डांची बुचे हे सर्वांत जिकिरीचे काम ठरले. पन्नास वर्षे तापून-थंडावून ती ओतीव लोखंडात एकजीव झाली होती. जोर लावला की मॅनिफोल्ड तडकण्याची भीती. भोवतालचा भाग तापवून बुचाच्या कडेला मेण लावायचे, ते वितळून आट्यांत उतरू द्यायचे आणि मग पाना थोडा पुढे, थोडा मागे असा चालवायचा, या पद्धतीने सहा बुचे निघाली. उरलेली दोन मॅनिफोल्ड उतरवून मशीन शॉपमध्ये काढून घेतली. खोक्यातल्या नळ्यांची टोके जळून आखूड झाली होती, म्हणून त्या बदलल्या.

नंतरचा पंप आणि त्याचा डायव्हर्टर बसवून पहिली फेरी मारली, तेव्हा उतारावर पाय उचलताच सायलेन्सरमध्ये मोठा बार झाला. डायव्हर्टरचा डायफ्राम फाटलेला होता. नवा डायव्हर्टर आणण्याऐवजी पिशवीतला १९६७चा व्हॉल्व्ह हातपंपाने तपासून बसवला; इनटेकवरचे मोठे बूच काढल्यावर त्याची नळी जागच्या जागी बसली आणि बार थांबला. अस्सल कार्बोरेटर दुरुस्त करून घेतला व परत जोडला.

निष्पत्ती

गाडी संथ रहदारीत आता तापत नाही. कागदपत्रांच्या फाइलमध्ये प्रत्येक भागापुढे तीनपैकी एक शेरा आहे : याच गाडीचा, याच वर्षाचा पण दुसऱ्या गाडीचा, किंवा नंतरच्या वर्षाचा. पहिल्या शेऱ्यात इंजिन आणि मॅनिफोल्ड आहेत. कार्बोरेटर आणि मिश्रणाचा व्हॉल्व्ह त्याच शेऱ्यात ‘बहुधा’ या शब्दासह आहेत, कारण ते दीर्घकाळ गाडीपासून वेगळे होते. पुढे पोमोनाच्या जुन्या भागांच्या बाजारात पंखा नसलेला, आधीच्या रचनेचा पंप मिळाला आणि तो दुसऱ्या शेऱ्यात गेला. कोळशाचा डबा सत्तरच्या दशकातल्या गाडीच्या एका मालकाला देऊन टाकला.

वेगळे काय करता आले असते

खोके गाडीबरोबर आले त्याच दिवशी वस्तूंची छायाचित्रे काढायला हवी होती. गॅरेजमध्ये ते उघडून पुन्हा भरले गेल्याने कोणता व्हॉल्व्ह कोणत्या नळीला जोडलेला होता, ही माहिती कायमची गेली. करपलेला पाइप चेक व्हॉल्व्हला अजून चिकटून होता म्हणून एवढे तरी कळले.

डायफ्राम असलेला प्रत्येक भाग गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच व्हॅक्यूम देऊन तपासणे शक्य होते. दोन मिनिटांच्या त्या तपासणीने सायलेन्सरची उसवलेली शिवण वाचली असती.

मूळ फिटिंगमध्ये भर घालणारी प्रत्येक गोष्ट, मग ते वॉशर असोत की रंगावरून पाडलेली भोके, आम्ही ओघात पाहत गेलो. ती सर्वप्रथम शोधली असती तर पंपाचे वय आणि पेटीचे मूळ दोन्ही क्रमांकांची पुस्तके उघडण्याआधीच लक्षात आले असते. आणि गाडी घेण्याआधी बॉनेट उघडून एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे पाहायला क्षणभर पुरतो. बुचे असलेली भोके दिसली तर यंत्रणा जमवण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी. या प्रकरणात तो खर्च सौद्यात धरलाच गेला नव्हता, आणि पंपापेक्षा त्याला लागणारा जुना फिल्टर शोधणे अधिक महागात पडत आहे.